डिस्ने वर्ल्डमध्ये जेवायचं कुठे? पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात, मुलांना सुट्टी असते आणि ऑरलँडोचा बेत ठरतो. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं यांवर महिनाभर खल होतो. जेवणाचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असं ठरतं. दुपारी एकच्या उन्हात पोर भुकेनं रडतंय, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळीची वेळ टळून चाललीय, अशा वेळी जी रांग समोर दिसेल तिच्यात उभं राहावं लागतं. ती नेमकी हॉट डॉगची निघते. घरात शाकाहारी माणसं असतील तर तिथून पुढची संध्याकाळ चिडचिडीत जाते. हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. थोडी पूर्वतयारी लागते.

आधी आवाका समजून घ्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच पार्क होतं. १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते पार्क आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. त्याशिवाय दोन वॉटर पार्क, वीसहून अधिक हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा खाण्याखरेदीचा मोठा बाजार. हे सारं सुमारे शंभर चौरस किलोमीटरमध्ये पसरलेलं आहे. त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं रेस्टॉरंट कुठलं?’ असं विचारत बसण्यात अर्थ नाही. ‘जेवणाच्या वेळी आपण कुठे असणार?’ हे आधी ठरवायचं.

पहिली पायरी: दिवस आखा, मग मेनू उघडा

एका कागदावर तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेसमोर एकच पार्क. मग त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी पार्कच्या कोणत्या भागात असाल याचा अंदाज लिहा. एवढं झालं की शंभर पर्यायांचे पाच-सहाच उरतात.

इथे दोन गोष्टी नवख्यांना माहीत नसतात. पहिली, पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं तर त्या दिवसाचं त्या पार्कचं तिकीट लागतं. टेबलाचं बुकिंग असलं तरी तेवढ्यावर आत सोडत नाहीत. हॉटेलांतल्या आणि डिस्ने स्प्रिंग्जमधल्या जागांना तिकीट लागत नाही. म्हणून पोचण्याचा दिवस, निघण्याचा दिवस आणि मधला विश्रांतीचा दिवस यांसाठी हॉटेलांतली रेस्टॉरंटं राखून ठेवावीत. दुसरी गोष्ट प्रवासाची. डिस्नेच्या बसेस फुकट आहेत, पण एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते. मध्ये एखाद्या पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्जला उतरून बस बदलावी लागते. असं जेवण ठरवलं असेल तर सव्वा तास हाताशी ठेवा, किंवा सरळ टॅक्सी करा. आजी-आजोबा सोबत असतील तर मी टॅक्सीच सांगेन.

पार्कच्या शेजारची हॉटेलं मात्र फार कामाची आहेत. मॅजिक किंगडमहून मोनोरेलने कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन या तीन हॉटेलांत जाता येतं; कंटेम्पररीला तर दहा मिनिटांत चालतही पोचता येतं. एपकॉटला मागच्या बाजूनं एक दार आहे, तिथून बोर्डवॉक, बीच क्लब आणि यॉट क्लब ही हॉटेलं चालण्याच्या अंतरावर आहेत. दुपारी पार्कात गर्दी उसळली की अशा एखाद्या हॉटेलात जाऊन थंडाव्यात बसून जेवावं आणि मग परत यावं. तासभर जातो, पण सगळ्यांच्या अंगात पुन्हा जीव येतो.

वेळेचंही गणित आहे. पार्कात साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही गर्दीची वेळ. जून ते सप्टेंबर या महिन्यांत फ्लोरिडात दुपारी तीन-चारच्या सुमाराला बऱ्याचदा विजा कडाडत धो धो पाऊस येतो आणि सगळं पार्क जवळच्या छपराखाली, म्हणजे रेस्टॉरंटांत घुसतं. तेव्हा दुपारचं जेवण अकरा-सव्वाअकराला उरकून घेणं उत्तम. घरी सकाळी लवकर पोहे-उपमा खाणाऱ्या ज्येष्ठांना ही वेळ सोयीची पडते. संध्याकाळी आतषबाजी चालू असते त्या पंधरा-वीस मिनिटांत काउंटरवरची रांग ओसरते. मुलांनी आतषबाजी आदल्या दिवशी पाहिली असेल तर तेव्हा जेवून घ्या.

दुसरी पायरी: कशा प्रकारचं जेवण हवंय ते ठरवा

साधारण चार प्रकार आहेत. काउंटरवरून घेऊन बसायच्या जागा, म्हणजे क्विक सर्व्हिस. मोठ्या माणसाला पंधरा-वीस डॉलर लागतात. वेटर येऊन वाढतो त्या टेबल सर्व्हिस. मिकी, पूह किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात ते कॅरेक्टर जेवण. इथे मोठ्या माणसामागे पन्नास-साठ डॉलर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त मोजावे लागतात. आणि शेवटी खास प्रसंगाच्या महागड्या जागा. कंटेम्पररीच्या पंधराव्या मजल्यावरचं कॅलिफोर्निया ग्रिल त्यांतलंच. तिथून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते. ग्रँड फ्लोरिडियनमधल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सला २०२४ मध्ये मिशेलिनचा तारा, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, मिळाला, पण तिथे दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. सहकुटुंब जाणाऱ्यांनी त्याचा विचारच करू नये.

माझं मत स्पष्ट आहे: दिवसाला बसून खायचं जेवण एकच ठेवा. टेबल मिळणं, ऑर्डर, जेवण, बिल यांत दीड तास मोडतो. दोन्ही वेळा असं जेवलात तर तीन तास गेले, आणि इतकं महाग तिकीट काढून ते कुणाला परवडत नाही. कॅरेक्टर जेवण सबंध सहलीत एकदा पुरे, तेही शक्यतो सकाळच्या नाश्त्याचं. नाश्ता रात्रीच्या जेवणाहून स्वस्त असतो, मुलं ताजीतवानी असतात, आणि शाकाहारी माणसाला नाश्त्यात बटाटा, फळं, दही, ओट्स असं काही ना काही मिळतंच. मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॅफल सगळ्या मुलांना हवे असतात. त्यांत अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

वयाचा हिशेबही इथेच करा. तीन वर्षांखालच्या मुलाला बुफेत पैसे पडत नाहीत, तीन ते नऊ वर्षांना मुलांचा दर आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. दहा-अकरा वर्षांचं कमी खाणारं पोर असेल तर बुफे नुकसानीचा ठरतो. काउंटरच्या जागी मात्र मुलांचं जेवण कुणीही मागू शकतं. माझ्या सासूबाई तिथे नेहमी तेच घेतात; त्यांना तेवढंच पुरतं आणि अन्न वाया जात नाही.

पॅकेज घेताना ‘डायनिंग प्लॅन’ पुढे करतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांसाठीची ही योजना काही वर्षं बंद होती, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. खोलीतल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकासाठी ती घ्यावी लागते, आणि तिच्या किमतीत मोठ्यांसाठी मद्याचाही पर्याय धरलेला असतो. शाकाहारी, मद्य न घेणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या कुटुंबाला ती परवडत नाही. रोज कॅरेक्टर जेवण करणार असाल तरच हिशेब मांडून बघा.

तिसरी पायरी: बुकिंग

टेबल सर्व्हिसचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पोचण्याच्या तारखेच्या साठ दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं सगळं एकदमच बुक करता येतं. याचा फायदा असा घ्या: सगळ्यात अवघड जागा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मागा. पाच-सहा दिवस राहणार असाल तर शेवटच्या दिवसासाठी तुमचा नंबर बाहेर राहणाऱ्यांच्या चार-पाच दिवस आधी लागतो. अवघड जागा म्हणजे मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल, बी अवर गेस्ट, एपकॉटमधलं अवकाशात बसल्यासारखं वाटणारं स्पेस २२०, पॉलिनेशियनमधलं ओहाना.

ऑनलाइन बुकिंग ऑरलँडोच्या पहाटे सहाला सुरू होतं. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. पुण्या-मुंबईहून करणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे भारतातल्या नातेवाइकांना हे काम सोपवणं सोयीचं आहे. फक्त अकाउंट आणि कार्ड आधी जोडून ठेवा. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर ऐन वेळी कार्ड नाकारलं जातं आणि टेबल हातचं जातं.

आठ-नऊ जणांचं एक टेबल मिळणं कठीण. चार आणि पाच अशी दोन बुकिंग जवळजवळच्या वेळेची घ्या आणि पोचल्यावर दारात सांगा की आम्ही एकत्र आहोत. शेजारी टेबलं मिळतीलच असं नाही, पण बऱ्याचदा जमवून देतात.

टेबल मिळालं नाही म्हणून हाय खायचं कारण नाही. बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलोच नाही तर माणशी दहा डॉलर कापले जातात, काही खास जागी त्याहून बरेच जास्त. त्यामुळे लोक आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी बुकिंग सोडतात. ‘माय डिस्ने एक्स्पीरियन्स’ अ‍ॅपमध्ये तेव्हा दर थोड्या वेळानं पाहत राहा. सुटलेली टेबलं तिथेच दिसतात. अनेक ठिकाणी पार्कात असताना अ‍ॅपवरून त्या वेळच्या प्रतीक्षायादीतही नाव घालता येतं. हाच नियम तुम्हालाही लागू आहे, तेव्हा बेत बदलला की बुकिंग वेळेत सोडा. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांना ते मिळतं.

चौथी पायरी: फोनवरून ऑर्डर

काउंटरच्या जागांसाठी अ‍ॅपवरून आधी ऑर्डर देता येते, आणि हे ज्याला जमलं त्याचा दिवस वाचला. सकाळी साडेनऊला एखाद्या राइडच्या रांगेत उभे असतानाच दुपारच्या जेवणाची वेळ निवडा. सगळ्यांना विचारून पदार्थ टाका, पैसे भरा. अन्न तेव्हा बनत नाही. ठरलेल्या वेळेत तिथे पोचलात की अ‍ॅपमध्ये ‘मी आलोय, ऑर्डर बनवा’ अशा अर्थाचं बटण येतं. ते दाबल्यावर स्वयंपाकघर कामाला लागतं. मग एकानं काउंटरपाशी थांबायचं आणि बाकीच्यांनी टेबल धरायचं. बाराला जाऊन बाराची वेळ मागाल तर एक-दीडची मिळेल, म्हणून सकाळीच करा. पार्कात वायफाय फुकट आहे, पण दिवसभरात फोनची बॅटरी हमखास उतरते. पॉवर बँक हवीच.

पदार्थावर बोट ठेवलं की त्यातले घटक बदलण्याचे पर्याय दिसतात: चीज नको, सॉस वेगळा द्या वगैरे. अ‍ॅलर्जी असेल तर त्यासाठी वेगळा मेनू असतो. पण कांदा-लसूण नको किंवा तळणाचं तेल वेगळं हवं असल्या गोष्टी अ‍ॅपवर सांगता येत नाहीत. त्यासाठी काउंटरवर जाऊन माणसाशीच बोलावं. तिथले कर्मचारी खरोखर आपुलकीनं ऐकतात, आत जाऊन विचारून येतात. संकोच करू नका.

शाकाहारी, अंडं न खाणारे, उपवास करणारे

मेनूवर काही पदार्थांसमोर हिरव्या पानाचं चिन्ह दिसेल. त्याचा अर्थ मांस, दूध, अंडी आणि मध यांपैकी काहीही न घालता बनवलेला पदार्थ. अंडं न खाणाऱ्यांना हे पान म्हणजे मोठा आधार आहे. तिथल्या मेनूत नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. पण पान दिसलं की आपल्या चवीचं असेलच असं नाही: पुष्कळदा ते मटणासारखं दिसणारं आणि लागणारं वाटाण्या-सोयाबीनचं बर्गर असतं. जन्मात मांस न चाखलेल्या आजीला त्या वासानंच मळमळतं. अशांसाठी चीज पिझ्झा, भाताचे ‘बोल’ म्हणजे वाडगे, भाजलेल्या भाज्या, पास्ता हे शोधा.

विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सूप कशाच्या पाण्यात केलंय? बहुतेक ठिकाणी चिकनच्या. भात साध्या पाण्यात शिजवलाय का? मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी आहे का? सॅलडवरच्या सीझर ड्रेसिंगमध्ये माशाचा अंश असतो. मार्शमॅलो आणि काही पुडिंगांत जिलेटिन असतं. फ्राइज चिकनच्याच तेलात तळल्या जातात का, हेही विचारा. एकेका जागी उत्तर वेगळं येतं. टेबल सर्व्हिसला बुकिंग करतानाच तुमच्या अटी लिहून ठेवा आणि बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा. नीट सांगितलं तर मेनूत नसलेलंही काही बनवून देतात.

उपवासाचं काय? आषाढी एकादशी, संकष्टी, श्रावणातले सोमवार बरोब्बर या सुट्टीच्या दिवसांत येतात. पार्कात गाड्यांवर कापलेली फळं, केळी, दही, दूध सहज मिळतं. तेलाची खात्री झाली तर बटाट्याच्या फ्राइज. बाकी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर जवळ ठेवा. उन्हात दिवसभर चालायचं असल्यानं निर्जळी मात्र करू देऊ नका, आणि जमलं तर त्या दिवशी पार्क न ठेवता पोहण्याचा आणि विश्रांतीचा दिवस ठेवा.

कोणत्या पार्कात काय

मॅजिक किंगडमला खाण्याची सगळ्यात जास्त गर्दी असते आणि शाकाहाऱ्यांची सगळ्यात जास्त पंचाईतही. टुमॉरोलँडमधलं कॉस्मिक रेज भलंमोठं आहे, बर्गर-फ्राइज प्रकारचं. नाइलाज असेल तर ठीक. फँटसीलँडमधल्या पिनोकिओ व्हिलेज हाउसमध्ये चीजचे फ्लॅटब्रेड मिळतात, आणि एका बाजूच्या खिडक्यांतून ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होड्या निघताना दिसतात, लहान मुलं जेवताना तिकडे बघत बसतात. कोलंबिया हार्बर हाउस मासे खाणाऱ्यांचं, वरच्या मजल्यावर बसायला निवांत जागा. दुपारी तीनला अलोहा आइलचं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ आइस्क्रीमसारखं, खा. त्यात दूध नसतं, आणि त्या उन्हात त्याच्याइतकं छान दुसरं काही नाही.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये टॉय स्टोरीच्या भागात वुडीज लंच बॉक्स आहे. त्याचं ग्रिल्ड चीज सँडविच मुलांना हमखास आवडतं, पण बसायला उघड्यावरची थोडकी टेबलं, म्हणून अकराच्या आत किंवा तीननंतर जा. साय-फाय डाइन-इनमध्ये जुन्या मोटारींच्या आकाराच्या टेबलांवर, ताऱ्यांच्या आभाळाखाली बसून जुन्या सिनेमांचे तुकडे बघत जेवायचं. जेवण बेताचंच, जागा मजेची. स्टार वॉर्सच्या भागातलं निळं दूध नारळ आणि तांदळाच्या दुधाचं असतं. ज्यांना चालतं त्यांनी एक घेऊन वाटून प्यावं.

एपकॉटची गोष्ट वेगळी. इथे तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. भारताचं दालन नाही, याची प्रत्येक मराठी पाहुण्याला चुटपुट लागते. हा वळसा जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे आणि हा भाग सहसा सकाळी अकरानंतर उघडतो. वर्षातले बरेच महिने इथे कुठला ना कुठला खाद्यमहोत्सव असतो, तेव्हा वाटेवर छोटे ठेले लागतात आणि छोट्या बशीत एकेक पदार्थ मिळतो. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण पाच जणांत पाच बशा घेतल्या की सगळ्यांना सगळं चाखता येतं आणि न आवडलेल्या पदार्थावर फार पैसे जात नाहीत. इटलीतलं व्हिया नापोली हे शाकाहारी कुटुंबासाठी एपकॉटमधलं सगळ्यात भरवशाचं टेबल: लाकडाच्या भट्टीतले पिझ्झे, मोठा मागवून सगळ्यांनी खायचा. एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली या इटलीतल्या ज्वालामुखींची नावं तिथल्या तीन भट्ट्यांना दिली आहेत. फ्रान्सच्या बेकरीत कॉफी आणि गोड काहीतरी घ्यायला थांबा. द लँड इमारतीतलं गार्डन ग्रिल सावकाश गोल फिरतं, तिथे चिप आणि डेल या कार्टूनमधल्या खारी भेटायला येतात, आणि खालच्याच हरितगृहांत पिकवलेली काही भाजी जेवणात वापरतात. आजोबा शेतीतले असतील तर त्या हरितगृहांतून जाणारी होडीची सफर आधी करा, मग जेवायला बसा.

अ‍ॅनिमल किंगडममध्ये पँडोरा भागातलं सातुली कॅन्टीन हे चारही पार्कांतलं माझं सगळ्यात आवडतं काउंटर. भात आणि राजमा, नूडल्स किंवा बटाटे असा पाया निवडायचा, वर तिखट मसाल्यातला टोफू. भाताचा बोल समोर आला की घरची मंडळी निश्चिंत होतात. आशिया भागात आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय. तिथे रॉयल आनंदपूर टी कंपनी नावाची छोटी टपरी आहे आणि चहाची तलफ आलेल्या बाबांना तिथेच न्यावं. जवळचं याक अँड यती दिसायला हिमालयातलं असलं तरी मेनू बहुतांशी चिनी-आशियाई ढंगाचा आहे.

साना, त्याबद्दल थोडं सविस्तर

आपल्या माणसांना एका जागी न्यायचंच असेल तर सानाला न्या. हे अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज इमारतीत आहे. पार्कचं तिकीट लागत नाही. अ‍ॅनिमल किंगडम पार्कमधून हॉटेलची बस मिळते. स्वयंपाक आफ्रिकेचा, पण भारतीय मसाल्यांचा हात फिरलेला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली, तीच चव इथे ताटात येते.

मागायची ती ‘ब्रेड सर्व्हिस’. पाच प्रकारच्या रोट्या येतात: साधा नान, आलं-लसणाचा नान, मसाल्याचा नान, कांद्याचा कुलचा आणि पनीर पराठा. सोबत नऊ छोट्या वाट्या: काकडीची कोशिंबीर म्हणावी अशी रायता, आंब्याची, चिंचेची आणि कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, हलापिन्यो मिरची आणि लिंबाचं लोणचं, लाल मिरचीचं सांबल, टोमॅटो-खजुराचा जॅम, भाजलेल्या लाल सिमला मिरचीचं हमस. वीस-पंचवीस डॉलरांत दोघा-तिघांचं पोट भरतं. चार दिवस पाव-चीज खाल्लेली माणसं लोणच्याच्या वाटीवर तुटून पडतात, ते बघण्यासारखं असतं.

खिडकीबाहेर मोकळं कुरण आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे चरत असतात. म्हणूनच अंधार पडायच्या आधीची वेळ घ्या. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, तेव्हा दुपारचं जेवण बरं. जूनमध्ये आठनंतरही उजेड असतो. टेबल नाही मिळालं तर हॉटेलच्या दुसऱ्या इमारतीतला, जांबो हाउसमधला बोमाचा बुफे पाहा. आफ्रिकी सूपं, भाज्या, भात यांची तिथे रेलचेल असते; सूप घेण्याआधी आत काय आहे ते विचारा.

पिशवीत काय न्यायचं

पार्कात घरचं खाणं नेता येतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. काचेची बरणी चालत नाही, बाळाच्या खाण्याची लहान बाटली सोडून. तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या. मद्य आणि सुटा बर्फ आणू देत नाहीत. गरम करावं लागेल असं अन्नही नको. दशम्या, मेथीचे पराठे, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फळं हे सगळं खुशाल न्या. दुपारी चारला मुलांच्या हातात चिवड्याची पुडी दिली की आठ डॉलरचा प्रेट्झेल वाचतो. भारतातून येणाऱ्यांनी ताजी फळं, भाज्या, मांस आणू नये, आणि जे खाणं आणाल ते विमानतळावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा अधिकाऱ्यापाशी सांगावं.

डिस्नेच्या हॉटेलांत खोलीत छोटा फ्रिज असतो, पण साध्या खोलीत स्वयंपाकाची सोय नसते. एका बेडरूमच्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर मिळतं. मोठं कुटुंब आठवडाभर राहणार असेल तर त्याचा हिशेब करून पाहा, रोजचा वरणभात होतो. बाळ सोबत असेल तर प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर आहे. तिथे मायक्रोवेव्ह, बाळाला भरवायला उंच खुर्ची आणि शांत खोली मिळते.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. जिथे फाउंटनचं कोल्डड्रिंक मिळतं अशा काउंटरवर बर्फाचं पाणी पेल्यात भरून फुकट देतात, नुसतं मागायचं. फ्लोरिडाच्या नळाच्या पाण्याला किंचित वेगळी चव असते. लिंबाची फोड टाकली की चालून जातं. हॉटेलात विकत मिळणारा पुन्हा भरायचा मग मात्र हॉटेलांतच चालतो, पार्कात नाही.

बिल भरताना

प्रत्येक रेस्टॉरंटचा मेनू किमतींसह डिस्नेच्या संकेतस्थळावर असतो. घरूनच सगळ्यांनी पाहून ठेवा म्हणजे टेबलावर किमती पाहून आजोबा ‘मला भूक नाही’ म्हणत नाहीत. छापील किमतीवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास कर लागतो. काउंटरवर टिप नसते. टेबलावर १८ ते २० टक्के द्यायची रीत आहे, बुफेतही. सहा किंवा जास्त जण असाल तर १८ टक्के बिलातच लावलेले असतात. त्याखाली जादा टिपेची एक रिकामी ओळ असते; सही करण्याआधी वरचा आकडा वाचा आणि ती ओळ पुन्हा भरू नका.